पाण्याची सर्वमान्य उंची

पाण्याला स्वतःचं मत नसतं, ही त्याची फार मोठी उणीव आहे. ते उताराकडे जातं, सखल जागा दिसली की थांबतं आणि मनात आलं की कोणाचाही जाहीर सत्कार न करता निघून जातं. अशा स्वभावाला लोकशाहीत भवितव्य नसतं. म्हणून त्याच्या वतीने मत बनवण्याचं काम जबाबदार माणसांना अंगावर घ्यावं लागतं. कुट्टनाडातल्या कायलपुरम कॉलेजात हे काम विद्यार्थी संघटना करतात, आणि तक्रारीला जागा ठेवत नाहीत.

हे कॉलेज भातशेतांच्या मधोमध, समुद्रसपाटीच्या चार फूट खाली आहे. मुलं बोटीने येतात, बदकं पोहत येतात आणि प्राचार्य वर्गीस सार कधीकधी येतात. कॉलेजात संघटना दोन : पिवळी आणि जांभळी. (रंग बदललेले आहेत. कोणता रंग कोणाचा, हे ओळखण्याच्या भानगडीत वाचकांनी पडू नये. पाण्याचा रंग मात्र बदललेला नाही.) सात जणांची तिसरीही एक संघटना होती, पण ती तत्त्वाच्या प्रश्नावर फुटली. आता चार जण एकीकडे आणि तीन जण दुसरीकडे आहेत. तत्त्व सातव्याच्या घरी राहिलं असं म्हणतात.

थंगमणी टीचर इथे सव्वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवतात. सहा वर्षांपासून मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरही त्याच आहेत, कारण ते पद रिकामं झालं तेव्हा बाकी सगळ्यांच्या पाठी एकदम दुखायला लागल्या. वसतिगृहाच्या तळमजल्यावर अकरा खोल्या आणि बेचाळीस मुली आहेत. सहा पावसाळ्यांत पाच वेळा या खोल्यांत पाणी शिरलं. पाचही वेळा टीचरांनी मुलींना झोपेतून मध्येच उठवून वरच्या मजल्यावरच्या वर्गांत बाकांवर झोपवलं, त्यांच्या गाद्या वाळवल्या, आणि खालच्या कप्प्यातल्या वह्यांचा लगदा टोपलीत भरून नेला. त्यांचं मागणं एकच होतं : वसतिगृहाचं जोतं उचला. किती उचलायचं, हे विचारायलाही आजवर कोणी आलं नव्हतं.

त्या वर्षीच्या ऑगस्टात आलेला पूर अकरा दिवस राहिला. पाणी ओसरल्यावर रिवाजाप्रमाणे दोन्ही संघटनांनी कॉलेजच्या दर्शनी खांबावर आपापल्या पूररेषा रंगवल्या. तेव्हा राज्यात जांभळ्यांचं सरकार होतं. जांभळी रेषा एक फूट दोन इंचांवर आली आणि तिच्या शेजारी लिहिलं गेलं, ‘साचलेलं पाणी’. पिवळी रेषा पाच फूट एक इंचावर गेली आणि तिच्या शेजारी लिहिलं गेलं, ‘महापूर’. दोन्ही रेषा पट्टी लावून काढलेल्या, अगदी सरळ होत्या. या बाबतीत दोन्ही बाजूंचं काम वाखाणण्यासारखं असतं.

याच सुमारास सरकारने ‘हवामान-सज्ज परिसर योजना’ जाहीर केली. पूरग्रस्त वसतिगृहांची जोती सरकार उचलून देणार होतं. अर्ज चौतीस पानांचा होता. परिशिष्ट चारमध्ये ‘विद्यार्थ्यांची हवामानबदलाविषयीची वृत्ती’ यावर अभ्यास जोडायचा होता, आणि परिशिष्ट पाचमध्ये पुराची ‘सर्वमान्य उंची’ लिहून खाली मान्यताप्राप्त विद्यार्थी संघटनांच्या सह्या घ्यायच्या होत्या. जेवढी सर्वमान्य उंची, तेवढं जोतं. (खरी उंची लिहायला अर्जात रकाना नव्हता. बहुधा जागा पुरली नसावी.)

टीचरांना आनंद झाला. वृत्तीचा अभ्यास म्हणजे त्यांच्या हातचा मळ. त्यांनी वीस प्रश्नांची प्रश्नावली केली आणि संपाचा दिवस बघून वाटली, कारण संपाच्या दिवशी हजेरी चांगली असते. चारशे बाराच्या चारशे बारा भरून परत आल्या. निष्कर्ष पुढीलप्रमाणे :

हवामान बदलतंय असं मानणारे : शहाण्णव टक्के. (उरलेल्या चार टक्क्यांनी प्रश्न वाचला नव्हता. उत्तरं देताना चारशे बाराही जण पाय बाकावर घेऊन बसले होते, कारण खाली अजून ओल होती.)

हवामान कधीपासून बदलतंय : पिवळ्यांच्या मते सध्याच्या सरकारच्या शपथविधीपासून. जांभळ्यांच्या मते आधीच्या सरकारच्या शपथविधीपासून. हिमनद्यांचा उल्लेख करणारा एकजण निघाला. तो भूगोलाचा होता, आणि त्यालाही नंतर पश्चात्ताप झाला.

हवामानबदल रोखण्यासाठी तुम्ही स्वतः काय कराल : निवेदन देऊ, अठ्ठ्याऐंशी टक्के. मोर्चा काढू, नऊ टक्के. छत्री आणू, तीन टक्के.

पुराची उंची किती होती : पिवळ्यांतल्या प्रत्येकाने पाच फूट एक इंच लिहिलं. जांभळ्यांतल्या प्रत्येकाने एक फूट दोन इंच. एकाचंही उत्तर इंचभर इकडेतिकडे नाही. सव्वीस वर्षं टीचर मुलांना सांगत आल्या होत्या की माणसांच्या उत्तरांत एवढा नेमकेपणा कधी सापडत नाही. आता सापडल्यावर त्यांना भरून यायला हवं होतं.

तेवीस जणांनी ‘कोणत्याही संघटनेचा नाही’ असं लिहिलं होतं. त्यांनी डावीकडच्याची आणि उजवीकडच्याची उत्तरपत्रिका बघून मधला आकडा टाकला. हे लोक दुसऱ्या बाजूचे छुपे हस्तक आहेत, यावर नंतर दोन्ही संघटनांचं एकमत झालं.

पण टीचरांची झोप उडवली ती एकाच उत्तरपत्रिकेने. ती होती खोली क्रमांक तीनमधल्या आर्द्राची. आर्द्रा वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती. शांत, निगुतीची मुलगी. पूर ओसरला त्या सकाळी टीचर चिखल उपसायला गेल्या तेव्हा ही आपल्या लाकडी कपाटापाशी गुडघ्यांवर बसलेली दिसली होती. ओलीची कड जिथे थांबली होती तिथे तिने पेन्सिलने बारीक रेघ मारली, टेप लावून मोजली आणि शेजारी तारखेसह लिहिलं : तीन फूट पाच इंच. टीचरांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि प्रश्नावलीत त्याच मुलीने, त्याच अक्षरात लिहिलं होतं, पाच फूट एक इंच.

टीचरांनी तिला बोलावलं.

“अगं, कपाटावर खूण तूच केलीस ना?”

“हो, टीचर.”

“मग इथे हे काय लिहिलंयस?”

आर्द्राने कागद पाहिला, मग टीचरांकडे पाहिलं. टीचरांना बरं नाही की काय असं तिला वाटलं असावं. “टीचर, वर पहिल्याच ओळीत संघटनेचं नाव लिहायला सांगितलंय तुम्ही.”

“बरं, मग?”

“मग मी पिवळी आहे ना. खूण माझी खासगी आहे.”

प्रश्नावलीत संघटनेचं नाव पहिलंच विचारलं होतं, हे खरं. वृत्तीच्या अभ्यासाची तशी पद्धतच आहे. टीचरांनी कागद घडी करून ठेवला आणि पोरीला केळ्याची भजी खायला दिली.

अर्ज सह्यांवाचून पडून राहिला. मग मे महिन्यात निवडणूक झाली आणि सरकार बदलून पिवळ्यांचं आलं. त्याबरोबर कॉलेजच्या खांबावर एक तांत्रिक अडचण उभी राहिली. गेल्या वर्षीचा पूर आता पिवळ्यांच्या सरकारने निस्तरायचा होता. तो पाच फुटी असणं त्यांना परवडेना, आणि फूटभर असणं जांभळ्यांना सोसेना. पण दोन्ही बाजूंची मुलं समंजस होती. खांब खरवडत बसण्यापेक्षा त्यांनी एका दुपारी एकमेकांचे रंगाचे डबे मागून घेतले, वरची रेषा जांभळी केली आणि खालची पिवळी. टर्पेंटाइनचा डबा एकच होता, तो आळीपाळीने वापरला. ‘महापूर’ आणि ‘साचलेलं पाणी’ या शब्दांना कोणी हात लावला नाही. ते जागच्या जागी राहिले, मालक तेवढे बदलले. कॉलेजात त्या दिवशी जे खेळीमेळीचं वातावरण होतं ते बघून वर्गीस सारांना गहिवरून आलं, आणि ते लवकर घरी गेले.

टीचरांनी जूनमध्ये तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. पुराची उंची सांगणारे आकडे जसेच्या तसे होते, एक फूट दोन आणि पाच फूट एक. फक्त माणसं उलटी झाली होती. आर्द्राने एक फूट दोन इंच लिहिलं होतं. अक्षर सुरेख होतं.

अर्जाची मुदत जुलैअखेर संपणार होती. ती चुकली तर पुढची योजना पुढच्या सरकारची, म्हणजे बेचाळीस मुलींना बाकांवर झोपण्याची आणखी पाच वर्षं. टीचरांनी दोन्ही नेत्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. पिवळ्यांचा चिटणीस जोजी कुरुविला. हा अर्थशास्त्रात तीन वर्षं काढून आता मल्याळमच्या पहिल्या वर्षाला होता, कारण संघटनेला अनुभवी नेतृत्व लागतं. जांभळ्यांचा श्रीराग. त्याचा आवाज चांगला होता आणि तो ते विसरू द्यायचा नाही. दोघांपुढे चहा आणि डाळवडे ठेवून टीचरांनी थेट विषयाला हात घातला.

“हे बघा, खांब सोडा. तीन नंबरच्या खोलीत कपाटावर पाण्याची खूण आहे. मोजलेली. तो आकडा लिहू आणि मोकळे होऊ.”

“कपाट कोणाच्या काळात घेतलेलं?” श्रीरागने विचारलं.

“त्याचा काय संबंध?”

“टीचर, संबंध नसता तर तुम्ही एवढ्या घाईने सांगितलं नसतं.”

जोजीने वडा मोडला. “आणि लाकूड पाण्यात फुगतं, टीचर. फुगलेल्या कपाटावरची खूण म्हणजे फुगवलेला आकडा. आम्ही फुगवलेल्या आकड्यांच्या विरोधात आहोत.”

“मागच्या वर्षी नव्हतात,” श्रीराग म्हणाला.

“मागच्या वर्षी आम्ही विरोधातच होतो!” जोजी म्हणाला.

टीचरांनी आर्द्राला बोलावून घेतलं. ती येऊन उभी राहिली. जोजीने तिच्याकडे पाहिलं, श्रीरागनेही पाहिलं, आणि कॅन्टीनमधल्या तीस-चाळीस जणांनी चहा पिणं थांबवलं.

“सांग गं,” टीचर म्हणाल्या. “कपाटावर रेघ कसली मारलीस?”

आर्द्राच्या कानामागे तीच पेन्सिल होती. “पेन्सिल चालते का बघत होते, टीचर,” ती म्हणाली.

“आणि तारीख?”

“तारीखही चालते का बघत होते.”

टीचरांना तिचा रागच आला. पण तिच्या मानेवर घाम आलेला दिसला, आणि तो राग टिकला नाही. वसतिगृहात तिला अजून दोन वर्षं काढायची होती. तिच्या खोलीतल्या चौघीही पिवळ्या होत्या.

तोडगा अखेर जोजीने काढला. लोकशाहीत पाण्याची उंची एकाने ठरवू नये, ती निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या प्रमाणात ठरावी. विद्यार्थी परिषदेत पिवळ्यांच्या दहा जागा होत्या, जांभळ्यांच्या तीन. एक फूट दोन इंचाला दहाने गुणायचं, पाच फूट एक इंचाला तीनने, बेरीज करून तेराने भागायचं. दोन फुटांवर पाऊण इंचापेक्षा थोडं जास्त उरतं, तो मुलींच्या बाजूने पूर्ण इंच धरायचा. उत्तर आलं, दोन फूट एक इंच. याला भारित सरासरी म्हणतात. संख्याशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न जोजीने दोनदा सोडला होता. (फुटलेल्या तिसऱ्या संघटनेला एकही जागा नव्हती. पाण्याविषयी त्यांची भूमिका ठरायची आहे.)

टाळ्या झाल्या. दोघांनी सह्या केल्या. मग अर्ज टीचरांपुढे आला, कारण सगळ्यांत खाली ‘विषयतज्ज्ञांचा अभिप्राय’ असा रकाना होता. टीचर पेन हातात धरून बसल्या. त्यांना त्या कपाटावरचा आकडा तोंडपाठ होता. शिवाय त्या शिक्षक संघटनेच्या सव्वीस वर्षांच्या सभासद होत्या हेही इथे नमूद करायला हवं. (शिक्षकांच्या संघटनाही दोनच आहेत. रंग विचारू नये.) मुदतीला चार दिवस उरले होते. दोन फूट एक इंच हे काहीच नसण्यापेक्षा दोन फूट एक इंचाने जास्त होतं. त्यांनी लिहिलं : ‘भारित सरासरी नियमानुसार बरोबर आहे.’

आणि ती बरोबरच होती.

त्या वर्षी पाऊस बेताचा झाला, पाणी अंगणापर्यंत येऊन परत गेलं. त्याचं श्रेय दोन्ही संघटनांनी घेतलं. पुढच्या उन्हाळ्याच्या आत वसतिगृहाचं जोतं दोन फूट एक इंचाने उचलून झालं. छत मात्र होतं तिथेच राहिलं, कारण त्याचा उल्लेख परिशिष्टात नव्हता. उंच मुलींना पंखा बंद करून केस विंचरावे लागत. उद्घाटनाची पाटी पिवळी होती. मुली नव्या फरशीवर पाय आपटून बघत होत्या, आणि टीचरांनी कितीतरी वर्षांनी गाद्या वाळवायचा काथ्याचा दोर सोडून आत ठेवून दिला.

आर्द्रा आता तिसऱ्या वर्षाला होती. शेवटच्या परीक्षेला वनस्पतींचा संग्रह लागतो. तिने दोन वर्षं बांधाबांधावरून हिंडून दीडशे रोपं गोळा केली होती, वाळवून, कागदावर चिकटवून, खाली नावं लिहून. त्यांतल्या काही वनस्पती आता कुट्टनाडात मिळत नाहीत असं तिचे सर म्हणत. हा गठ्ठा तिने कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवला होता. वरचा कप्पा रिकामा होता. टीचरांनी एकदा विचारलंही, “अगं, वर का नाही ठेवत?”

“जोतं उचललंय ना, टीचर,” ती म्हणाली. “आकडा सगळ्यांनी मान्य केलाय.”

ऑगस्टात पाणी आलं. मागच्या पुराइतकंच आलं, इंचभर कमी नाही की जास्त नाही. सर्वमान्य उंची त्याला कोणी कळवलेली नव्हती. पहाटे टीचरांनी एक्केचाळीस मुलींना वर नेऊन बाकांवर झोपवलं. आर्द्रा घरी गेली होती, आजीच्या आजारपणात.

पाणी ओसरल्यावर जोजी आणि श्रीराग दोघेही आपापल्या माणसांसह खोली क्रमांक तीनमध्ये आले. जोजीने कपाट पाहिलं. ओलीची नवी कड आर्द्राच्या जुन्या खुणेच्या चांगली दोन फूट एक इंच खाली होती. खूण कपाटावर होती, कपाट फरशीवर होतं आणि फरशी वर गेली होती, हे तिथे जमलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या एकोणतीस विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या ध्यानात आलं नाही. की आलं होतं, हे विचारणारी प्रश्नावली अजून तयार झालेली नाही.

“बघा!” जोजी म्हणाला. “मोजलेली खूण आहे, तारखेसह! आपल्या सरकारच्या काळात पूर दोन फूट एक इंचाने कमी झालाय.”

“खूण खोटी आहे,” श्रीराग म्हणाला.

“खूण शास्त्रीय आहे. लाकडावर आहे.”

“लाकूड फुगतं. तूच म्हणाला होतास.”

“तेव्हा ते तुमच्या सरकारचं लाकूड होतं.”

संध्याकाळपर्यंत पिवळ्यांनी हवामानबदलावर मात केल्याचा फलक जेटीवर लावला. जांभळ्यांनी कपाटाची न्यायालयीन चौकशी मागितली. तिसऱ्या संघटनेतल्या तिघांनी पाणी आलंच नव्हतं असं पत्रक काढलं. चौघांनी त्याला पाठिंबा दिला आणि संघटना पुन्हा एक झाली.

आर्द्रा दुसऱ्या दिवशीच्या बोटीने आली. खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. टीचर दारापाशी गेल्या तेव्हा ती खालच्या कप्प्यातले कागद एकेक करून सुटे करायला बघत होती. ते सुटत नव्हते. दीडशे रोपांची एकच काळी वडी झाली होती, आणि तिच्यावर शाईने लिहिलेली नावं एकमेकांत उतरली होती.

“टीचर,” ती वर न बघता म्हणाली, “माझी खूण खरी होती.”

“मला ठाऊक आहे.”

“तेव्हा पण ठाऊक होतं?”

“हो.”

“मग तुम्ही अर्जात लिहिलं का नाही?”

थंगमणी टीचर दारातच खाली बसल्या. साडीचा काठ ओला होत होता, तो त्यांनी होऊ दिला. इतक्या वर्षांत मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांच्याकडे उत्तर नव्हतं असं फार वेळा झालं नव्हतं. आताही उत्तर होतं, त्याचीच लाज वाटत होती.

“सरासरी बरोबर होती गं,” त्या म्हणाल्या.

आर्द्रा कागद सोडवत राहिली, आणि थोड्या वेळाने टीचरही शेजारी बसून सोडवू लागल्या.

टीचरांचा अभ्यास पुढे एका नियतकालिकात छापून आला आणि त्याची वाखाणणीही झाली. त्यांनी प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवला आहे. तो कॉलेजच्या मुलांना विचारायचं धाडस त्यांना अजून झालेलं नाही, म्हणून तो इथे देत आहोत. पिवळे कोण आणि जांभळे कोण, हे आम्ही नको म्हटलेलं असूनही तुम्ही एव्हाना ओळखलं असेलच. एक फूट दोन, पाच फूट एक आणि दोन फूट एक हे आकडेही तोंडपाठ झाले असतील, कारण ते पुन्हा पुन्हा सांगितले गेले. तर, प्रश्न एकविसावा. मागची पानं न उलटता उत्तर द्यावं.

आर्द्राच्या कपाटावर पाण्याची खूण किती फूट किती इंचांवर होती?